बिनफुलांचे आठवडे

मार्च-एप्रिलमध्ये वसईच्या वाड्यांत मोगरा ऐन भरात असतो. पहाटेच्या अंधारात कळ्या खुडायच्या, ओल्या फडक्यात बांधायच्या आणि सकाळच्या लोकलने दादरच्या फुलबाजारात पोचत्या करायच्या, हा इथल्या कित्येक कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. गावभर असा घमघमाट सुटलेला असताना चर्चमधली वेदी मात्र कोरडी असते. तिच्यावर एक कळी नाही की हार नाही. भस्म बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या रात्रीपर्यंत कॅथलिक चर्चमध्ये वेदीला फुलं घालत नाहीत. मधला एक रविवार आणि एक-दोन सण वगळले, तर साडेसहा आठवडे हेच चित्र.

वसई तालुक्यातल्या अशाच एका गावात फुलं थोपवून धरण्याचं काम ज्यांच्याकडे आहे, ते गृहस्थ स्वतःच मोगऱ्याचे शेतकरी आहेत. पहाटे वाडीत कळ्या खुडतात आणि त्यानंतर चर्चच्या सॅक्रिस्टीत, म्हणजे तयारीच्या खोलीत, येऊन सकाळच्या मिस्साची तयारी करतात. वेदीसेवक मुलं त्यांना काका म्हणतात. आपलं नाव छापू नये अशी त्यांची इच्छा आहे, म्हणून इथेही ते काकाच.

लेंटमध्ये, म्हणजे या प्रायश्चित्तकाळात, कुणीतरी मोठ्या प्रेमाने फुलांची परडी घेऊन येतंच. कुणाकडे नातवंड झालेलं असतं, कुणाच्या मुलाला नोकरी लागलेली असते. काका परडी नाकारत नाहीत. चर्चच्या आवारात मारियामातेची ग्रोटो आहे, तिथे ती ठेवायला सांगतात आणि वर आठवण करून देतात, ‘ईस्टरच्या रात्री पुन्हा आणा. त्या रात्री कितीही आणलीत तरी कमीच पडतील.’

मिस्साला सगळ्यांच्या आधी येणारा आणि सगळे गेल्यावर कुलूप लावणारा माणूस म्हणजे सॅक्रिस्टन. धर्मगुरूंची त्या दिवसाच्या रंगाची वस्त्रं काढून ठेवायची, वाचनाच्या ग्रंथात फीत लावायची, द्राक्षारस आणि पाणी भरायचं, बेखमीर चकत्या मोजून पात्रात घालायच्या, मेणबत्त्यांच्या वाती कापायच्या, धूपदानातला कोळसा फुलवायचा. चषक पुसण्याची आणि चषकाखाली अंथरण्याची तागाची कापडं तर निराळ्याच रीतीने धुतली जातात. पहिल्यांदा ती नुसत्या पाण्यात खळबळायची आणि ते पाणी मोरीत न सोडता मातीत ओतायचं, कारण त्यात ख्रिस्तशरीराचा एखादा कण असू शकतो. मगच साबण, मगच इस्त्री. काका हे पाणी ग्रोटोमागच्या झाडांच्या बुंध्याशी घालतात.

काकांना हे काम गावातल्या एका जुन्या सॅक्रिस्टनने शिकवलं. ते लॅटिन मिस्साच्या काळातले. धर्मगुरूंच्या प्रार्थनेला द्यायचे प्रतिसाद त्यांना लॅटिनमध्ये तोंडपाठ होते. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज जाहीर केला आणि लोकांच्या भाषेला मिस्साचं दार उघडलं. त्यानंतर वसईच्या चर्चमध्ये मराठी आली, तबला-पेटी आली, ओव्या आणि भजनं आली. म्हातारबाबांनी हा बदल मनापासून स्वीकारला होता. पण लोकांना कळावं म्हणून भाषा बदलली, तर कळणाऱ्या माणसांनी काळही नीट पाळायला हवा, असं ते बजावत. कोणत्या रविवारी काय बाहेर काढायचं, याच्याही आधी कोणत्या रविवारी काय आत ठेवायचं, हे त्यांनी काकांकडून घटवून घेतलं.

सॅक्रिस्टीतलं मोठं लाकडी कपाट म्हणजे चर्चचं वर्षच. एका खणात जांभळी वस्त्रं, आगमनकाळ आणि प्रायश्चित्तकाळाची. दुसऱ्यात पांढरी, नाताळ आणि ईस्टरची. तिसऱ्यात तांबडी. पवित्र आत्म्याचा सण, झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार आणि हुतात्म्यांचे दिवस यांना हा रंग लागतो. वसईकरांना तो आणखी जवळचा, कारण सोळाव्या शतकात वसईत जन्मलेले आणि १५९७ साली जपानमध्ये नागासाकीला क्रूसावर मारले गेलेले संत गोन्सालो गार्सिया याच मातीतले. १८६२ साली त्यांना संतपद मिळालं. फेब्रुवारीत त्यांचा सण आला की तांबडी वस्त्रं बाहेर निघतात. चौथ्या खणात हिरवी, वर्षातल्या तेहतीस-चौतीस साध्या आठवड्यांसाठी. आणि अगदी खाली, कागदात गुंडाळलेली गुलाबी वस्त्रं. आगमनकाळाचा तिसरा आणि लेंटचा चौथा असे वर्षातले दोनच रविवार ती बाहेर येतात. लेंटमधल्या त्या रविवारी वेदीवर फुलं चालतात. काका त्या दिवशी स्वतःच्या वाडीतली एक ओंजळ घेऊन जातात. दुसऱ्या दिवशी वेदी पुन्हा रिकामी.

या कपाटाशेजारच्या भिंतीवर दोन दिनदर्शिका टांगलेल्या आहेत, धर्मप्रांताची आणि कालनिर्णय. दुसरी कशाला, असं विचारलं की काका पौर्णिमेवर बोट ठेवतात. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर, हा ढोबळ नियम. म्हणून ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान फिरत राहतो आणि त्याच्यामागे भस्म बुधवार, झावळ्यांचा रविवार, पन्नासाव्या दिवशी येणारा पवित्र आत्म्याचा सण, असं सगळं वर्ष फिरतं. शेजारच्या वाडीत होळी पेटली किंवा हनुमान जयंतीचा उत्सव झाला की काकांना पवित्र आठवड्याची चाहूल लागते. २०२४ मध्ये झावळ्यांचा रविवार आणि होळी एकाच दिवशी, २४ मार्चला आली. २०२५ मध्ये हनुमान जयंतीच्या दुसऱ्याच दिवशी झावळ्यांची मिरवणूक निघाली. दोन्ही घरांचे सण एकाच चंद्रावर ठरतात याचं काकांना मनापासून अप्रूप आहे. शेजाऱ्यांशी गप्पा मारताना हा विषय ते हटकून काढतात.

चर्चचं वर्ष मात्र जानेवारीत सुरू होत नाही. ते २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दिवसांत येणाऱ्या रविवारी, आगमनकाळाने सुरू होतं. चार रविवार वाट पाहायची आणि मग नाताळ. वेदीशेजारी हिरव्या पानांचं कडं ठेवतात. त्यात तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती, दर रविवारी एक पेटवायची. कड्याची ही प्रथा तशी अलीकडची, जर्मनीतून आलेली. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान विखर्न नावाच्या धर्मोपदेशकाने अनाथ मुलांसाठी तिची सुरुवात केली, असं मानतात. गोठ्याचा देखावा तिच्याहून कितीतरी जुना. संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी बैल, गाढव आणि गवत आणून तो उभा केला होता.

वसईच्या गोठ्यात हिरवळ लागते ती नाचणीची. डिसेंबरच्या मध्यावर पसरट भांड्यांत माती घालून काका नाचणी पेरतात. रोज पाणी शिंपडलं की नाताळपर्यंत कोवळं गवत उभं राहतं. वेदीसेवक मुलांवर ती भांडी सांभाळण्याची जबाबदारी असते. मेंढपाळ, जनावरं, योसेफ, मारिया सगळे जागेवर मांडून होतात, पण गव्हाणी रिकामी ठेवायची. बाळाची मूर्ती २४ डिसेंबरच्या रात्री मिस्साच्या वेळी आणायची आणि तीन राजांना त्यांच्या सणापर्यंत थांबवायचं. मुलं दर वर्षी विचारतात, बाळ आधीच ठेवलं तर काय बिघडलं? काका त्यांना गव्हाणीसमोर बसवतात आणि आईच्या पोटात भाऊ किंवा बहीण असताना घरात काय काय चाललं होतं ते आठवायला सांगतात. कपडे शिवले, पाळणा धुतला, आजीला बोलावलं. मुलं भराभर सांगू लागतात. या वाट पाहण्यालाच आगमनकाळ म्हणतात, एवढं सांगून काका त्यांना नाचणीला पाणी घालायला पिटाळतात.

मोठ्यांना हे समजावणं अवघड जातं. नोव्हेंबर उजाडला की बाजारात तारे लटकू लागतात, दुकानांत नाताळची गाणी वाजतात, वेगवेगळ्या मंडळांच्या कॅरल स्पर्धा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच उरकतात. २५ तारखेच्या दुपारपर्यंत लोक थकलेले असतात आणि २६ला तारे उतरतात. चर्चच्या हिशेबाने मात्र नाताळचा काळ २५ डिसेंबरला सुरू होतो आणि जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. काकांना याचं वाईट वाटतं आणि ते तसं बोलूनही दाखवतात. उत्सव करणाऱ्यांवर त्यांचा राग नाही. वाट पाहण्याचे दिवस हातचे गेले की सणाचे दिवसही आखडतात, हे त्यांनी डोळ्यांदेखत पाहिलं आहे. म्हणून युवकांच्या बैठकीत त्यांनी एक साधी गोष्ट मागितली. वाडीवाडीतली कॅरल मिरवणूक नाताळनंतरच्या आठवड्यात काढा, तेव्हा लोक निवांत असतात. पहिल्यांदा पोरांनी नाकं मुरडली. पुढे काही जणांना ते पटलं, आणि आता २६ डिसेंबरनंतर निघणाऱ्या मिरवणुकीत म्हातारी माणसंही अंगणात खुर्च्या टाकून बसतात.

लेंटची तयारी त्याच्या कितीतरी आधी, मागच्या वर्षीच्या झावळ्यांपासून सुरू होते. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेली पानं लोक घरी नेतात, त्यांचे छोटे क्रूस विणतात, दाराला किंवा वेदीच्या फोटोमागे खोचून ठेवतात. भस्म बुधवार जवळ आला की चर्चमध्ये एक टोपली ठेवली जाते आणि घराघरांतून ती सुकलेली पानं परत येतात. काका ती आवारात लोखंडी कढईत जाळतात. पानं झरकन पेटतात, पण तेवढ्यावर थांबलं तर हाती काळा कोळसा लागतो. तो परत परत परतून, थंड करून, खलून मलमलच्या कापडातून गाळावा लागतो. टोपलीभर पानांतून जेमतेम वाटीभर राख मिळते. तिच्यात जास्त पाणी घातलं तर ती कपाळाला चुरचुरते, म्हणून पाणी बेताने. सबंध गावाच्या कपाळी त्या बुधवारी जी राख लागते, ती गावाच्याच दारांवरची असते. काकांच्या मते वर्षभरातल्या सगळ्या कामांत मोलाचं काम हेच. कुणाच्या घरचं पान कुणाच्या कपाळी लागलं हे कळायला मार्ग नसतो, आणि त्यांना नेमकं तेच आवडतं.

त्या दिवसापासून एकेक गोष्ट काढून घेतली जाते. फुलं जातात. आलेलुया गायचं थांबतं. रविवारचं गौरवगीत थांबतं. वाद्यं फक्त गाण्याला सूर देण्यापुरती. गावात लग्नं लागत नाहीत. पाचव्या रविवारच्या सुमारास काका मूर्तींवर आणि क्रूसावर जांभळी कापडं चढवतात. ही प्रथा आता सगळीकडे सक्तीची राहिलेली नाही, या चर्चने ती जपली आहे. शुक्रवारी संध्याकाळी क्रूसाच्या वाटेची चौदा स्थानकं वाडीतून फिरतात, प्रत्येक स्थानक एका घराच्या अंगणात. मराठीतली दुःखसहनाची गाणी म्हणत लोक चालतात. ख्रिस्ताची कथा मराठी छंदात गाण्याची वाट तशी फार जुनी. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात छापलं गेलं, मिस्सा लॅटिनमध्ये होता त्या काळात.

काकांची सून अहिल्यानगरकडची (पूर्वीचं अहमदनगर), प्रॉटेस्टंट घरातली. तिच्या माहेरी उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन उपासना चालते आणि क्रूसावरून ख्रिस्ताने काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. तिथे वस्त्रांचे रंग नाहीत, झाकलेल्या मूर्ती नाहीत, कारण मूर्तीच नाहीत. नारायण वामन टिळकांची गीतं मात्र तिला आजीकडून पाठ मिळालेली. लग्नानंतरच्या पहिल्या लेंटमध्ये तिने सासऱ्यांना विचारलं होतं, की आमच्याकडे वर्षभर एवढं साधं असतं, मग तुम्ही साधेपणासाठी वेगळा काळ का ठेवता? काकांनी तिला त्या आठवड्यांत रोज सॅक्रिस्टीत सोबत नेलं. वस्त्रांना इस्त्री करता करता दोघं बोलत राहिले. आता पवित्र आठवड्यात ती एका दुपारी शेजारपाजारच्या बायकांना जमवून सात उद्गारांवर चिंतन घेते, आणि त्या दुपारी काकाही मागच्या बाकावर बसतात.

एका लेंटमध्ये काकांची आई गेली. आयुष्यभर मोगरा लावलेली, खुडलेली, माळलेली बाई. वाडी फुलांनी लगडलेली आणि वेदी उघडी. नातेवाइकांनी विचारलं, आजच्या दिवशी तरी? काकांनी शवपेटीवर आईच्या हातच्या रोपांवरच्या फुलांचा हार ठेवला, वेदी मात्र तशीच राहू दिली. शवपेटीशेजारी त्यांनी ईस्टरची पास्का मेणबत्ती पेटवली. त्या वर्षी ईस्टरच्या रात्री वेदीवर जी फुलं चढली, त्यांतला मोठा वाटा त्याच वाफ्यातला होता. ते कठोर वाटलं नाही का, असं कुणी विचारलं तर काका सांगतात, की त्या आठवड्यांत सगळं चर्च त्यांच्याइतकंच रिकामं होतं आणि त्याचाच त्यांना आधार वाटला. घरात दुःख असताना चर्चमध्ये झगमगाट असता, तर आपण परके झालो असतो, असं ते म्हणतात.

पवित्र आठवड्यात काकांचं घरी जाणं नावापुरतं उरतं. धर्मप्रांताच्या कॅथेड्रलमध्ये बिशप सर्व धर्मगुरूंसह वर्षभराची तेलं आशीर्वादित करतात. आजाऱ्यांसाठी एक, बाप्तिस्म्याआधी लावायचं दुसरं, आणि सुगंधी द्रव्य मिसळलेलं तिसरं. ती चर्चमध्ये आणायची, कुप्या स्वच्छ करून भरायच्या. गुरुवारी संध्याकाळी बारा जणांचे पाय धुण्याचा विधी असतो. जानेवारी २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यात स्त्रियांनाही घेता येईल असा बदल केला. त्यानंतर इथल्या बारा खुर्च्यांवर भाजीची पाटी वाहणाऱ्या बायकाही बसल्या. एका म्हातारीने भेगा पडलेली पावलं पदराखाली ओढून घेतली होती. फादरांनी गुडघे टेकून वाट पाहिली, तेव्हा तिने ती पुढे केली. काका पाण्याचा तांब्या धरून उभे होते.

त्या संध्याकाळी गौरवगीताला चर्चमधल्या साऱ्या घंटा वाजतात आणि मग गप्प होतात. शनिवारच्या रात्रीपर्यंत घंटा नाही. तिच्याऐवजी लाकडी खटखटं, मुठीत धरून हलवायचं. मिस्सा संपला की वेदीवरची कापडं, मेणबत्त्या, क्रूस सगळं काढून नेतात. मुख्य वेदीवरची पवित्र साक्रामेंताची पेटी रिकामी करून तिचं दार सताड उघडं ठेवतात. शुक्रवारी जगात कुठेच मिस्सा होत नाही.

घंटांचं मौन वसईच्या माणसाला जरा जास्तच भिडतं. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून वसई जिंकली आणि इथल्या चर्चमधल्या घंटा मराठा सरदारांबरोबर देशावर गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात अशी एक घंटा आहे, वाईजवळ मेणवलीला दुसरी, तिच्यावर १७०७ हे साल कोरलेलं आहे. सहलीला गेलेले असताना काकांनी मेणवलीच्या घाटावर ती पाहिली. आपल्या गावच्या कुठल्यातरी पूर्वजाने ओढलेली घंटा, या विचाराने ते तिच्यासमोर बराच वेळ उभे होते. तक्रार त्यांच्या मनात आली नाही. ज्या पिढीने घंटा गेल्यानंतरही चर्चची वाट सोडली नाही, ती काय ऐकून मिस्साला येत असेल, हे त्यांना जाणून घ्यावंसं वाटलं. तेव्हापासून गुरुवारी खटखटं हातात घेतलं की त्यांना ती माणसं आठवतात.

शनिवारी रात्री सगळं परत येतं. दिवे मालवलेल्या चर्चबाहेर नवा अग्नी पेटवतात. समुद्रावरचा वारा असतो, म्हणून काका भट्टीच्या एका बाजूला पत्रा लावून ठेवतात. पास्का मेणबत्तीवर धर्मगुरू क्रूस कोरतात, वर ग्रीक वर्णमालेतलं पहिलं अक्षर, खाली शेवटचं, आणि चार कोपऱ्यांत त्या वर्षाचे चार आकडे. मग धुपाचे पाच कण, ख्रिस्ताच्या पाच जखमांसाठी. त्या एका ज्योतीवरून सगळ्यांच्या हातातल्या मेणबत्त्या पेटत जातात. जुन्या करारातली वाचनं संपली आणि गौरवगीताचा पहिला सूर लागला की दिवे लागतात, घंटा वाजतात आणि काकांनी आधीच बाजूच्या खोलीत भिजत ठेवलेल्या फुलांच्या परड्या वेदीवर येतात. साडेसहा आठवड्यांनी आलेलुया ऐकताना माणसं मोठ्याने गातात. काही जण रडतात. एरवी चर्चमध्ये फारसे न दिसणारेही त्या रात्री सगळ्यांच्या बरोबरीने गात असतात. काकांचं म्हणणं असं, की हे गाणं कुणी शिकवून येत नाही. ते इतके दिवस बंद ठेवलेलं असतं, म्हणून येतं.

२०२० साली यातलं काहीच झालं नाही, आणि सगळं झालं. टाळेबंदी होती. ५ एप्रिलच्या झावळ्यांच्या रविवारी लोकांनी आपापल्या अंगणातलं पान तोडून दारावर लावलं. व्हॅटिकनच्या सूचनेनुसार पाय धुण्याचा विधी वगळला गेला. १२ एप्रिलच्या ईस्टरसाठी आदल्या रात्री बंद दाराआड फादर, काका आणि मोबाइल धरणारा एक तरुण एवढेच होते. तरीही काकांनी प्रत्येक कापड इस्त्री केलं, मूर्ती झाकल्या आणि उघडल्या, मेणबत्तीवर २०२०चे आकडे कोरायला फादरांच्या हाती सुरी दिली. मोगरा भरपूर होता, कारण दादरचा बाजार बंद होता. पुढे वर्षभर ती मेणबत्ती फारशी जळली नाही. पास्का मेणबत्ती एरवी प्रत्येक बाप्तिस्म्याला आणि प्रत्येक अंत्यविधीला पेटते, वर्षअखेरीस तिची उंची बरीच उतरते. त्या वर्षी बाप्तिस्मे लांबणीवर पडले आणि पुष्कळ माणसं चर्चमध्ये न आणताच पुरली गेली. पुढच्या ईस्टरला ती काढताना तिची शिल्लक उंची पाहून काकांनी आणि फादरांनी त्या सगळ्यांची नावं घेऊन एक मिस्सा अर्पण केला.

शेतीचा हंगाम आणि चर्चचा हंगाम एकमेकांत किती मिसळले होते, हे नवं भात हाती येताना कळतं. गोव्यात राय गावी ५ ऑगस्टला नव्या भाताची कणसं चर्चमध्ये आशीर्वादित होतात. मुंबईकडे ईस्ट इंडियन समाज ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा करतो. मनोरी, गोराई, उत्तन भागात भाताच्या पेंढ्या वाजतगाजत चर्चमध्ये येतात. वसईत मात्र भाताचं क्षेत्र आटत चाललं आहे, विहिरींचं पाणी खारं होत आहे, शेताच्या जागी इमारती उभ्या आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी लोकांना संघटित केलं, ते याच काळजीने. काकांच्या चर्चमध्ये अजून कणसं येतात, पण एक-दोन घरांतूनच. ज्यांच्याकडे शेत उरलेलं नाही त्यांनी कुंडीत वाढवलेली कोथिंबीर आणली तरी चालेल, असं काकांनीच सुचवलं. त्या वर्षी इमारतींतली मुलं मिरच्यांची रोपं घेऊन आली.

सध्या काका दोन जणांना तयार करत आहेत. एक बारावीतला मुलगा आणि एक बँकेत नोकरी करणारी मुलगी. तिने कामाची वही केली आहे. प्रत्येक रविवारापुढे दोन रकाने, ‘काय काढायचं’ आणि ‘काय ठेवायचं’. तिसरा रकाना तिने स्वतःहून जोडला, ‘का’. बहुतेक ठिकाणी काकांनी उत्तर सांगितलं, काही ठिकाणी फादरांनी पुस्तकं काढून दिली. एक जागा मात्र रिकामी राहिली आहे. काकांची आजी पावसाळ्यात जोराचं वादळ सुटलं, वीज कडाडू लागली, की दारावरच्या आशीर्वादित झावळीचं एक पान काढून चुलीत घालायची आणि तेव्हा सामवेदी बोलीत एक प्रार्थना म्हणायची. पान काकांना आठवतं, शब्द आठवत नाहीत. गावात तीन-चार वृद्ध बाया आहेत, त्यांच्यापैकी कुणाला तरी ते येत असतील. पाऊस सुरू व्हायच्या आत वही आणि मोबाइल घेऊन त्यांच्याकडे जायचं, असं तिघांनी ठरवलं आहे.